ब्रेक्झिट आणि व्यापार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनने युरोपीय महासंघ सोडला त्याला पाच वर्षं उलटून गेली, तरी ‘त्यात तोटा झाला की फायदा’ हा वाद थांबलेला नाही. शिकायला किंवा नोकरीला तिकडे गेलेली मंडळी, निर्यातदार, वादविवाद स्पर्धांची तयारी करणारे विद्यार्थी असे सगळेच हे प्रश्न विचारतात. उत्तरं आर्थिक बाजूपुरती दिली आहेत. जिथे माझं मत आहे, तिथे तसं स्पष्ट म्हटलं आहे.

ब्रिटन नेमका कधी बाहेर पडला? २०१६, २०२० की २०२१?

तिन्ही वर्षं बरोबर आहेत, पण प्रत्येकाचा अर्थ वेगळा. २३ जून २०१६ रोजी सार्वमत झालं. ५१.९ टक्के मतं ‘बाहेर’च्या बाजूने पडली, ४८.१ टक्के ‘आत’च्या. २९ मार्च २०१७ रोजी पंतप्रधान थेरेसा मे यांच्या सरकारने महासंघाच्या करारातल्या कलम ५० खाली बाहेर पडण्याची रीतसर नोटीस दिली. ३१ जानेवारी २०२० च्या रात्री सदस्यत्व संपलं. व्यापाराचे नियम मात्र ३१ डिसेंबर २०२० पर्यंत जुनेच होते. सीमेवरचा खरा बदल १ जानेवारी २०२१ पासूनचा.

वादातला निम्मा घोळ या तारखांचाच असतो. २०१८ चे निर्यातीचे आकडे दाखवून ‘बघा, काही बिघडलं नाही’ म्हणणारा जुन्याच नियमांखालचे आकडे दाखवत असतो. जानेवारी २०२१ मधली सगळी पडझड ब्रेक्झिटच्या खात्यावर टाकणारा त्या महिन्यातला कोरोनाचा लॉकडाऊन सोडून देतो.

सार्वमतानंतर लगेच मंदी येणार होती. ती का आली नाही?

ब्रिटिश अर्थखात्याने मे २०१६ मध्ये जो अल्पकालीन अंदाज दिला, तो चुकला. ‘बाहेर’ असा कौल लागताच वर्षभराची मंदी येईल आणि बेरोजगारांत पाच लाखांची भर पडेल, असं त्यात म्हटलं होतं. तसं झालं नाही. लोकांनी खर्च चालू ठेवला, बँक ऑफ इंग्लंडने ऑगस्टमध्ये व्याजदर पाव टक्क्यावर आणला आणि अर्थव्यवस्था पुढे सरकत राहिली.

या चुकीची किंमत मोठी होती. तेव्हापासून अर्थतज्ज्ञांनी काहीही सांगितलं की ‘हेच ते मंदीवाले’ असं उत्तर तयार असतं. पण त्याच खात्याने महिनाभर आधी, एप्रिलमध्ये, दीर्घकालीन परिणामांचा वेगळा अहवाल दिला होता. त्यातला युक्तिवाद धसक्याचा नव्हता. शेजाऱ्याशी व्यापार अवघड केला की उत्पन्न हळूहळू कमी वाढतं, एवढाच होता. पहिला अंदाज कोसळला म्हणून दुसरा आपोआप खोटा ठरत नाही.

लगेच झालेला परिणाम एकच, आणि तो रोखठोक होता : पौंड पडला. मतमोजणीच्या रात्री डॉलरच्या तुलनेत १.५० च्या आसपास असलेला पौंड दुसऱ्या दिवशी १.३३ च्याही खाली जाऊन आला. त्याआधीच्या तीन दशकांतली ती नीचांकी पातळी होती. आयात महागली आणि नोव्हेंबर २०१७ पर्यंत महागाईचा दर ३.१ टक्क्यांवर गेला. बिल आलं, पण ते किराणा दुकानात आलं, बातम्यांच्या मथळ्यात नाही.

बसवरच्या ‘आठवड्याला ३५ कोटी पौंड’ या आकड्यात खरं किती होतं?

ब्रिटन महासंघाला आठवड्याला ३५ कोटी पौंड पाठवतो, ते पैसे सरकारी आरोग्यसेवेला देऊ, असं ‘बाहेर’वाल्यांनी प्रचाराच्या लाल बसवरून सुचवलं होतं. हा आकडा ढोबळ होता. मार्गारेट थॅचर यांनी १९८४ मध्ये भांडून मिळवलेली वर्गणीतली सूट त्यातून वजा केलेली नव्हती, म्हणजे त्यातले बरेच पैसे ब्रिटनमधून बाहेर जातच नव्हते. शिवाय शेती अनुदान आणि मागास भागांसाठीचा निधी यांच्या रूपाने काही परत येत होतं. देशाच्या सांख्यिकी प्राधिकरणानेच हा आकडा दिशाभूल करणारा असल्याचं सांगितलं. निव्वळ वर्गणी साधारण निम्म्याच्या आसपास होती. ती वाचली, हे खरं आहे. पण अर्थव्यवस्था थोडी जरी कमी वाढली, तरी करवसुलीतली घट या बचतीला गिळून टाकते. म्हणून वर्गणीवर वाद घालण्यात फार वेळ घालवू नये, असं मला वाटतं.

कस्टम्स युनियन आणि सिंगल मार्केट यांत फरक काय?

कस्टम्स युनियन म्हणजे आपापसात आयात शुल्क नाही आणि बाहेरच्या जगासाठी सगळ्यांचं शुल्क एकच. सिंगल मार्केट म्हणजे मालाची मानकं, परवाने आणि नियम सामायिक. शिवाय माणसं, भांडवल आणि सेवा यांनाही मोकळीक. नॉर्वे सिंगल मार्केटमध्ये आहे, कस्टम्स युनियनमध्ये नाही. तुर्कस्तानचं बरोबर उलटं : औद्योगिक मालापुरती कस्टम्स युनियन आहे, तरी बल्गेरियाच्या सीमेवर ट्रकांच्या रांगा लागतातच. थेरेसा मे यांनी जानेवारी २०१७ च्या लँकेस्टर हाउसमधल्या भाषणात लोकांची मुक्त ये-जा आणि युरोपीय न्यायालयाचा अधिकार दोन्ही नाकारले. तिथेच सिंगल मार्केटचं दार बंद झालं. सार्वमताच्या मतपत्रिकेवर यातला कुठलाच पर्याय छापलेला नव्हता.

करार तर शून्य शुल्काचा झाला. मग अडचण कुठे आहे?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. २४ डिसेंबर २०२० रोजी, मुदत संपायला आठवडा उरला असताना, ब्रिटन आणि महासंघाने व्यापार व सहकार्य करार केला. त्यात शुल्क शून्य आणि कोट्याची मर्यादाही नाही. ‘मुक्त व्यापार तर चालूच आहे की’ हा युक्तिवाद त्यावरून येतो.

मुंबईत जकात होती ते दिवस आठवा. दहिसर-मुलुंडच्या नाक्यांवर ट्रकवाल्याला जकातीच्या रकमेइतकाच तिथे जाणारा वेळ नडायचा. पावत्या, तपासणी, रांग, आणि मालाचं वर्णन जुळलं नाही की पुन्हा रांग. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि हे नाके गेले. ब्रिटनने याच्या उलट केलं : जिथे नाका नव्हता तिथे नाका आणला. कर शून्य ठेवला, पण कागद आला.

यातला एक कागद म्हणजे मालाच्या उगमाचा पुरावा. शून्य शुल्क फक्त ब्रिटनमध्ये किंवा महासंघात ‘बनलेल्या’ मालाला आहे. मार्क्स अँड स्पेन्सर या ब्रिटिश दुकानसाखळीच्या डुकराच्या तोंडाच्या आकाराच्या गोळ्या ब्रिटनमध्ये खूप खपतात. त्या जर्मनीत बनतात आणि ब्रिटनमध्ये शुल्काविना येतात. पण कंपनीने ब्रिटनच्या गोदामातून त्याच गोळ्या महासंघातल्या डब्लिनच्या दुकानात पाठवल्या, तर शुल्क लागू शकतं. कारण ब्रिटनमध्ये त्यांच्यावर काहीच प्रक्रिया झाली नाही, म्हणून त्या ‘ब्रिटिश’ नाहीत. आणि महासंघातून एकदा बाहेर पडल्यामुळे ‘युरोपीय’ही उरल्या नाहीत. कंपनीच्या प्रमुखांनीच जानेवारी २०२१ मध्ये हे उदाहरण दिलं होतं.

खाण्याच्या मालाचं आणखी अवघड. मांस, मासे, दूध यांच्या प्रत्येक खेपेबरोबर पशुवैद्याच्या सहीचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. एका ट्रकमध्ये दहा छोट्या उत्पादकांचा माल असेल आणि एकाचा कागद चुकला, तर दहाही जणांचा माल अडकतो. स्कॉटलंडच्या मासे व्यापाऱ्यांचा माल असाच सडला, तेव्हा त्यांनी जानेवारी २०२१ मध्ये आपले ट्रक थेट लंडनला, पंतप्रधानांच्या निवासस्थानाजवळ आणून उभे केले. त्याच महिन्यात हुक ऑफ हॉलंड बंदरावर डच कस्टम्सचे अधिकारी ब्रिटनहून आलेल्या ड्रायव्हरांच्या डब्यातली हॅम सँडविच काढून घेत होते. डच टीव्हीवर ते दृश्य दिसलं. एक ड्रायव्हर विचारतो, मांस घ्या, पाव तरी ठेवू का? अधिकारी नाही म्हणतो. तो अधिकारी दुष्ट नव्हता. बाहेरच्या देशातून मांस आणि दूध आणायला बंदी आहे आणि ब्रिटन आता बाहेरचा देश होता.

मोठ्या कंपन्यांनी कस्टम्सची माणसं नेमली, युरोपात गोदामं घेतली आणि निभावून नेलं. मार खाल्ला तो लहानांनी. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांच्या हिशेबाप्रमाणे १६,४०० ब्रिटिश कंपन्यांनी महासंघाला माल पाठवणंच थांबवलं, आणि २०२२ मध्ये एकूण वस्तू-निर्यात ६.४ टक्क्यांनी कमी राहिली. एरवी वर्षाला चार-पाच पार्सलं फ्रान्सला पाठवणाऱ्या चीज उत्पादकाने निर्यात बंद केली, तर त्याची बातमी होत नाही. म्हणूनच हे नुकसान दिसायला अवघड आहे.

ब्रिटननेही युरोपीय मालाची तशीच तपासणी सुरू केली का?

महासंघाने पहिल्या दिवसापासून केली. ब्रिटनने आपली तपासणी पुनःपुन्हा पुढे ढकलली, कारण अन्न महागण्याची आणि दुकानातल्या फळ्या रिकाम्या पडण्याची भीती होती. आरोग्य प्रमाणपत्रं ३१ जानेवारी २०२४ पासून मागायला सुरुवात झाली, प्रत्यक्ष तपासणी ३० एप्रिलपासून. म्हणजे तीन वर्षं ब्रिटिश निर्यातदाराला पूर्ण त्रास आणि युरोपीय निर्यातदाराला मोकळा रस्ता. ‘सीमेवर आपला ताबा’ या घोषणेखाली मतं मिळवलेल्या सरकारकडून हे घडलं, याचा जाब पुरेसा विचारला गेला नाही असं मला वाटतं.

‘चार टक्के नुकसान’ हा आकडा कुठून येतो? तो विश्वासार्ह आहे का?

ब्रिटनच्या अंदाजपत्रकावर स्वतंत्र नजर ठेवणाऱ्या ओबीआर या संस्थेचा तो अंदाज आहे. ब्रिटन आत राहिला असता तर जेवढी असती त्या तुलनेत देशाची उत्पादकता दीर्घकाळात ४ टक्क्यांनी कमी राहील, आणि आयात-निर्यात दोन्ही सुमारे १५ टक्क्यांनी. हे नुकसान दरवर्षी ४ टक्क्यांचं नाही. अर्थव्यवस्था आकसली असाही त्याचा अर्थ नाही. ती वाढतेच आहे, पण जिथे पोहोचली असती त्याच्या खाली आहे.

गाडं अडतं ते इथेच. ‘जिथे पोहोचली असती’ तो ब्रिटन अस्तित्वात नाही, तो कल्पावा लागतो. काही संशोधक सारख्या अर्थव्यवस्थांचं मिश्रण करून ब्रिटनचा जुळा भाऊ तयार करतात आणि दोघांतलं अंतर मोजतात. स्टॅनफर्डचे निक ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२५ च्या अखेरीस केलेल्या अभ्यासात दरडोई उत्पन्नातली तूट ६ ते ८ टक्के निघाली. यावरचा आक्षेप योग्य आहे : त्या मिश्रणात अमेरिकेला किती वजन द्यायचं यावर उत्तर बदलतं. अमेरिकेची वाढ तिच्या स्वतःच्या कारणांनी झाली, आणि युक्रेन युद्धानंतरच्या ऊर्जेच्या भावांनी जर्मनीलाही खाली ओढलं.

माझं मत असं की नेमक्या आकड्यावर हटून बसू नये, दिशेवर बसावं. वेगवेगळ्या पद्धतींनी हिशेब करणाऱ्या गंभीर अभ्यासांत तूट लहान की मोठी यावर मतभेद आहेत. पण २०१६ नंतर कंपन्यांची गुंतवणूक वर्षानुवर्षं जागची हलली नाही, हे तर साध्या आकडेवारीतही दिसतं. कुठले नियम लागणार हेच चार वर्षं ठरत नसेल, तर कारखान्याला नवी मशीन कोण घेईल?

बाहेर पडण्याच्या बाजूने अर्थशास्त्रीय युक्तिवाद होता का, की नुसती भावना?

होता, आणि तो नीट मांडला गेला पाहिजे. कार्डिफचे प्राध्यापक पॅट्रिक मिनफर्ड यांचं म्हणणं असं, की महासंघ म्हणजे बाहेरच्या जगाविरुद्ध उभारलेली शुल्काची भिंत आहे. त्या भिंतीमुळे ब्रिटिश ग्राहक अन्न आणि कारखान्यांच्या मालाला जास्त पैसे मोजतो. बाहेर पडा, सगळ्या जगासाठी शुल्क शून्य करा, किमती उतरतील.

कागदावर हे सुसंगत आहे. पण शेतकरी आणि कारखानदार यांना उघड्यावर सोडायला कुठलंच सरकार तयार झालं नाही. मोटारींवरचं १० टक्के शुल्क ब्रिटनने स्वतःहून तसंच ठेवलं. सुंदरलंड या शहरात ६१ टक्के लोकांनी ‘बाहेर’ला मत दिलं आणि तिथला सर्वांत मोठा कारखाना निस्सानच्या मोटारींचा आहे. तिथल्या मतदाराने स्वस्त आयात मोटारींसाठी मत दिलं नव्हतं. म्हणजे बाहेर पडण्याचा जो आर्थिक फायदा सांगितला, तो ज्या धोरणातून येणार होता ते धोरण राबवलंच गेलं नाही.

दुसरा युक्तिवाद पैशाचा नाहीच : आपले कायदे आपल्या संसदेने करावेत. ज्याला हे मोलाचं वाटतं त्याला चार टक्के दाखवून गप्प करता येत नाही, आणि करूही नये. त्याने फक्त ‘किंमत नाही’ असं म्हणू नये. ‘ही किंमत मला मान्य आहे’ असं म्हणावं.

लंडनच्या वित्त व्यवसायाचं काय झालं?

अंदाजापेक्षा बरं. एका परवान्यावर सगळ्या महासंघात व्यवसाय करण्याची मुभा गेली. जानेवारी २०२१ मध्ये शेअरच्या उलाढालीत ॲमस्टरडॅमने लंडनला मागे टाकलं, आणि काही हजार नोकऱ्या डब्लिन, पॅरिस, फ्रँकफर्टला गेल्या. युरोपीय बँकिंग प्राधिकरण पॅरिसला आणि औषध नियामक संस्था ॲमस्टरडॅमला हलली. पण सल्लागार, कायदा, सॉफ्टवेअर अशा सेवांची निर्यात जोरात वाढली. सेवांना बंदरावर थांबावं लागत नाही, हे त्यामागचं एक साधं कारण.

उत्तर आयर्लंडचा प्रश्न इतका गुंतागुंतीचा का?

कारण तिथे सीमा आखायला जागाच नाही. उत्तर आयर्लंड ब्रिटनचा भाग आहे, उरलेलं आयर्लंड महासंघात. आयर्लंड बेटावरची सुमारे ५०० किलोमीटरची सरहद्द १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता करारानंतर उघडी आहे. तिथे पुन्हा चौकी बसवणं म्हणजे शांतता पणाला लावणं. म्हणून तपासणी समुद्रात, ब्रिटनचं मुख्य बेट आणि उत्तर आयर्लंड यांच्या मध्ये गेली. म्हणजे एका देशाच्या दोन भागांमध्ये कस्टम्स. फेब्रुवारी २०२३ च्या विंडसर करारात तिथेच विकायच्या मालासाठी हिरवी आणि पुढे आयर्लंडमध्ये जाऊ शकणाऱ्या मालासाठी लाल अशा दोन मार्गिका झाल्या. ताण कमी झाला, संपला नाही.

नव्या व्यापार करारांनी भरपाई झाली का?

नाही. ब्रिटिश सरकारचेच अंदाज घ्या : ऑस्ट्रेलियाशी केलेल्या कराराने दीर्घकाळात जीडीपीत ०.०८ टक्के भर, न्यूझीलंडच्या कराराने ०.०३ टक्के. डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिटन प्रशांत महासागराभोवतीच्या देशांच्या सीपीटीपीपी या व्यापार गटात गेला, त्याचीही भर पुन्हा शतांशांतच. डोव्हरहून कॅलेचा किनारा स्वच्छ हवेत दिसतो. सिडनी जहाजाने कित्येक आठवड्यांवर आहे. देश जवळच्याशी आणि मोठ्याशी जास्त व्यापार करतात, हा नियम मतपेटीने बदलत नाही.

एक खरा फायदा नोंदवायलाच हवा. २०२५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी आयात शुल्क लावलं तेव्हा ब्रिटनच्या बहुतेक मालावर ते १० टक्के राहिलं, महासंघावर १५ टक्क्यांवर ठरलं.

भारताशी झालेला करार ब्रेक्झिटमुळेच शक्य झाला का?

हो. महासंघात असताना कुठलाही सदस्य स्वतंत्र व्यापार करार करू शकत नाही. भारत आणि महासंघ यांची बोलणी २००७ पासून सुरू होऊन २०१३ मध्ये अडकली होती. ब्रिटनने एकट्याने बोलणी करून २४ जुलै २०२५ रोजी करारावर सह्या केल्या. स्कॉच व्हिस्कीवरचं आपलं १५० टक्के शुल्क आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर येणार. ब्रिटिश मोटारींवरचं कोट्यापुरतं १० टक्क्यांवर. आपल्या बाजूने कापड, चामडं, पादत्राणं यांच्यावरचं शुल्क शून्य होणार. पादत्राणांवर ते १६ टक्क्यांपर्यंत होतं. कोल्हापुरी चप्पल त्याच गटात मोडते.

उगमाचा नियम मात्र इथेही आहे. टाटांच्या जग्वार लँड रोव्हरची डिफेंडर स्लोव्हाकियातल्या नित्रा इथे बनते. ब्रँड ब्रिटिश, मालक मुंबईचा, पण करारापुरती ती ब्रिटिश गाडी नव्हे.

नाशिकच्या द्राक्षांना याचा काही फरक पडला?

मार्गात पडला. नेदरलँड्स आणि ब्रिटन ही आपल्या द्राक्षांची मोठी गिऱ्हाइकं. पूर्वी रॉटरडॅमला उतरून कस्टम्समधून सुटलेला माल मागणीप्रमाणे ब्रिटनलाही वळवता यायचा. आता रॉटरडॅमला शुल्क भरून सोडवलेली द्राक्षं ब्रिटनला न्यायची, तर ती पुन्हा नव्या देशात जातात : नवी कागदपत्रं, नवं शुल्क. कंटेनर न्हावा शेवाहून निघतानाच कुठे जाणार हे ठरवावं लागतं. नाशवंत मालाच्या व्यापारात ही लवचीकता जाणं म्हणजे पैसाच जाणं.

ब्रेक्झिटनंतर स्थलांतर कमी झालं का?

उलट वाढलं, फक्त दिशा बदलली. मुक्त ये-जा संपली आणि युरोपातून येणारे घटले. नव्या गुणपद्धतीने आणि शिक्षणानंतर दोन वर्षं काम करू देणाऱ्या व्हिसाने भारत, नायजेरिया अशा देशांना दार उघडलं. जून २०२३ ला संपलेल्या वर्षात निव्वळ स्थलांतर ९ लाखांच्या पुढे गेलं. पुण्या-मुंबईहून गेलेले कितीतरी विद्यार्थी आणि परिचारिका त्याच लाटेतल्या. त्यानंतर नियम कडक झाले आणि आकडा वेगाने उतरला. स्थलांतर कमी होईल म्हणून मत दिलेल्यांना फसवलं गेल्याची भावना का आहे, हे यावरून समजतं.

स्कॉटलंड ब्रिटनमधून बाहेर पडला तर हेच गणित लागू होईल का?

होईल, आणि बहुधा जास्त जोरात. स्कॉटलंडने महासंघात राहायला ६२ टक्के मतं दिली होती, म्हणून स्वातंत्र्यवादी म्हणतात की युरोपात परत जाऊ. पण त्यांची सुमारे ६० टक्के विक्री उरलेल्या ब्रिटनमध्येच होते. सीमेवरच्या कागदांचं नुकसान ब्रेक्झिटबाबत मान्य करायचं आणि स्वातंत्र्याबाबत नाकारायचं, हे चालणार नाही. उलट्या बाजूने लंडनमधल्या ब्रेक्झिट-समर्थकांनाही हेच लागू आहे. शिवाय चलन कोणतं, हा २०१४ च्या स्कॉटिश स्वातंत्र्याच्या सार्वमतात न सुटलेला प्रश्न आहेच.

ब्रिटन पुन्हा आत जाईल का?

नजीकच्या काळात नाही. त्यासाठी कलम ४९ खाली नव्याने अर्ज, सगळ्या सदस्य देशांची संमती आणि थॅचर यांनी मिळवलेल्या सवलतीशिवाय पूर्ण वर्गणी लागेल. युरो स्वीकारण्याची अटही नव्या सदस्याला असते. मजूर पक्षाने २०२४ ची निवडणूक सिंगल मार्केट आणि कस्टम्स युनियन दोन्ही नाकारूनच लढवली. चाललं आहे ते तुकड्या-तुकड्याने जवळ जाणं. महासंघाच्या हरायझन संशोधन योजनेत जानेवारी २०२४ पासून पुनःप्रवेश झाला. मे २०२५ च्या लंडनमधल्या शिखर बैठकीत अन्न आणि वनस्पतींच्या तपासण्या कमी करणारा करार करायचं ठरलं. त्या बदल्यात ब्रिटन या क्षेत्रात युरोपीय नियम, बदलतील तसे, पाळत राहील आणि युरोपीय बोटींना २०३८ पर्यंत आपल्या पाण्यात मासेमारी करू देईल.